मॉडेल म्हणतं बेअरिंग गेलं, फिटर म्हणतो काही झालेलं नाही: स्वयंचलित दोषनिदानावर चर्चा

रेषाखंड

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे पंप, पंखे, कंप्रेसर अशी बरीच फिरती यंत्रं आहेत. त्यांवर कंपनाचे, तापमानाचे, दाबाचे सेन्सर आहेत आणि सगळा डेटा एका सर्व्हरवर जमा होतो. त्यावरून बिघाड आपोआप ओळखायचा, हे काम माझ्याकडे आलंय. नुसतं "काहीतरी गडबड आहे" म्हणून भागत नाही. कुठल्या भागात, कसली आणि किती गंभीर, हेही सांगायचंय.

सार्वजनिक बेअरिंग डेटावर न्यूरल नेटवर्क शिकवलं. अचूकता ९९ टक्क्यांच्या वर आली. तेच आमच्या मशीनवर लावलं तर रोज अलार्म. मेन्टेनन्सवाल्यांनी सुरुवातीला दोन-चार मशीन उघडून पाहिल्या, आत सगळं ठणठणीत. आता ते माझा स्क्रीन उघडतही नाहीत. आणि ज्या एका पंपाच्या मोटरचं बेअरिंग खरोखर गेलं, त्याबद्दल सिस्टीमने चकार शब्द काढला नव्हता.

प्रश्न असे आहेत. थ्रेशोल्ड, म्हणजे अलार्म देण्याची मर्यादा, ठरवायचा कसा? कंपनाचं जुनं, भौतिकशास्त्रावरचं विश्लेषण बरं की मशीन लर्निंग? आणि निदान पक्कं झालं की मशीन आपोआप बंद होऊ द्यावी का? ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवलंय त्यांचं मत हवंय. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची माहितीपत्रकं वाचून झाली आहेत, त्यांच्या लिंका कृपया नकोत.

घरघर

सार्वजनिक डेटा म्हणजे केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीचा ना? सगळे तिथूनच सुरुवात करतात. डेटा चांगला आहे, पण त्यात नेमकं काय आहे ते बघा. दोन अश्वशक्तीची मोटर, ६२०५ बेअरिंग आणि विद्युत ठिणगीने मुद्दाम पाडलेले खड्डे, लहानात लहान साधारण ०.१८ मिलिमीटर व्यासाचा. खऱ्या बेअरिंगला असा गोल, कोरलेला खड्डा पडत नाही. तिथे पृष्ठभागाखाली बारीक चीर जाते, मग पापुद्रा सुटतो, त्याच्या धारदार कडा गोळ्यांखाली चेपल्या जातात. कंपन वाढतं, मध्येच कमी होतं, पुन्हा वाढतं. मध्ये कमी झालं की लोकांना वाटतं आपोआप बरं झालं.

आता तुमचे ९९ टक्के. एका रेकॉर्डिंगचे शेकडो तुकडे केले, ते पत्त्यांसारखे पिसले आणि त्यातले काही शिकवायला, काही परीक्षेला ठेवले, असंच केलंय ना? मग दोन्हीकडे तेच बेअरिंग, तीच बसवणी, तोच सेन्सर. मॉडेल बिघाड ओळखत नाही, रेकॉर्डिंग ओळखतंय. लोडनुसार वेगळं काढलंत तरी सुटका नाही, कारण तेच खराब बेअरिंग शून्यापासून तीन अश्वशक्तीपर्यंतच्या लोडवर फिरवलेलं आहे. शिकवायला एक बेअरिंग आणि परीक्षेला भलतंच, अशी विभागणी करा आणि किती टक्के उरतात ते इथे सांगा.

आणखी एक. तुमच्या सर्व्हरवर सेन्सरकडून काय येतं? पूर्ण वेव्हफॉर्म, म्हणजे कंपनाची क्षणाक्षणाची नोंद, की मिनिटाला एक आकडा?

रेषाखंड

@घरघर, विभागणीबद्दल बरोबर ओळखलंत. नव्याने करून बघतो.

सेन्सर दोन प्रकारचे आहेत. नव्या मशीनवर बिनतारी, ते काही तासांनी एकदा छोटा वेव्हफॉर्म पाठवतात. न्यूरल नेटवर्क त्यांच्यावर चालतं. जुन्यांवर ४ ते २० मिलिअँपिअरचे ट्रान्समीटर, त्यांच्याकडून मिनिटाला एक आकडा, मिलिमीटर प्रति सेकंदात आरएमएस, म्हणजे कंपनाच्या वेगाची एक प्रकारची सरासरी. तिथे ट्रेंडवर साधं मॉडेल आहे. बेअरिंग गेलं ती मोटर दुसऱ्या प्रकारातली.

घरघर

मग त्या मोटरचं कोडं सुटलंच म्हणायचं. मिलिमीटर प्रति सेकंदातला तो आकडा सहसा १० ते १००० हर्ट्झ या पट्ट्यातला असतो. असमतोल, अलाइनमेंट बिघडणं, ढिले फाउंडेशन बोल्ट यांसाठी उत्तम. बेअरिंगचा सुरुवातीचा दोष मात्र कित्येक किलोहर्ट्झवर टकटक करतो आणि त्या आकड्यात तो दिसतच नाही. दिसू लागतो तेव्हा बेअरिंग शेवटच्या घटका मोजत असतं. जी माहिती तारेवरून आलीच नाही ती कुठलंही मॉडेल शोधून काढणार नाही.

वेव्हफॉर्म येतो तिथे निदान थेट हिशेबाने करता येतं. तेच ६२०५ घ्या. नऊ गोळ्या. बाहेरच्या रेसवर (गोळ्या जिच्यावरून फिरतात त्या कड्यावर) दोष असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात ३.५८५ ठोके बसतात, आतल्या रेसवर असेल तर ५.४१५. दोन्हींची बेरीज गोळ्यांच्या संख्येइतकी, ९. गणित चुकलंय का ते याने लगेच कळतं. मोटर १४८० आरपीएमवर असेल तर शाफ्टची वारंवारता २४.६७ हर्ट्झ, म्हणजे बाहेरची रेस ८८.४ आणि आतली १३३.६ हर्ट्झ. असमतोल शाफ्टच्या एकपटीवर दिसतो, अलाइनमेंटचा दोष बऱ्याचदा दुपटीवर. ३.५८५ पटीवर दुसरं काही सहसा येत नाही, म्हणून ही खूण इतकी भरवशाची. गोळ्या थोड्या घसरतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा एक-दोन टक्के इकडेतिकडे सापडतो, तेवढी खिडकी ठेवायची.

फक्त कच्च्या स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या वारंवारतेवर किती कंपन, त्या आलेखात) ८८ हर्ट्झ शोधू नका. प्रत्येक ठोक्याने बेअरिंगचं घर वरच्या वारंवारतेवर झणझणतं. तो वरचा पट्टा गाळून घ्यायचा, त्याचा एन्व्हलप, म्हणजे चढउताराची बाह्यरेषा, काढायचा आणि मग एन्व्हलपचा स्पेक्ट्रम बघायचा. आतल्या रेसवर दोष असेल तर १३३.६ च्या दोन्ही बाजूंना २४.६७ च्या अंतरावर साइडबँड, म्हणजे छोटी जोडशिखरं, दिसतात, कारण खड्डा दर फेऱ्यात भाराच्या जागेत शिरतो आणि बाहेर पडतो. बाहेरची रेस जागची हलत नाही, म्हणून तिथे ते साइडबँड सहसा नसतात. हे सगळं दहा-वीस ओळींच्या कोडमध्ये होतं, त्याला न्यूरल नेटवर्कवाल्यांचा जीपीयू लागत नाही.

न्यूरॉन

घरघर यांच्या प्रतिसादातला शेवटचा टोमणा पोचला :)

पण थोडं दुसऱ्या बाजूनेही. हा हिशेब बेअरिंगचा नंबर माहीत असेल तर. शेकडो मशीन असतात, त्यातल्या किती ठिकाणी नेमकं कुठल्या कंपनीचं बेअरिंग बसलंय याची नोंद बरोबर असते? मागच्या दुरुस्तीत मिळेल ते बसवलेलं असतं. नेमप्लेटवरचा नंबर एक, आतलं बेअरिंग दुसरं. शिवाय गिअरबॉक्स, बदलता वेग, शेजारच्या मशीनचं कंपन हे सगळं एकत्र आलं की हाताने लिहिलेले नियम गडगडतात. टेनेसी ईस्टमन प्रोसेस हे रासायनिक प्रक्रियेचं नमुना-मॉडेल १९९३ साली प्रसिद्ध झालं, त्यात ४१ मोजमापं आणि १२ नियंत्रक चलं आहेत. एवढ्या चलांचे परस्परसंबंध माणूस नियमांत बसवू शकत नाही, तिथे डेटावरूनच शिकावं लागतं.

घरघर

आणि त्याच टेनेसी ईस्टमनमधले ३, ९ आणि १५ नंबरचे दोष तीन दशकं झाली तरी बहुतेक पद्धतींच्या हाताला लागत नाहीत. लागले असं कोणी लिहिलं की मी आधी त्यांचा खोट्या अलार्मचा आकडा बघतो.

बेअरिंगच्या नंबरबद्दल मात्र सहमत. ते दुखणं खरं आहे.

आकडेमोड

थ्रेशोल्डच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलं नाही, म्हणून लिहिते.

तीन सिग्माची मर्यादा, म्हणजे सरासरीपासून तीन प्रमाण विचलनं, सगळे डोळे मिटून लावतात. मोजमापं अगदी शहाण्यासारखी नॉर्मल वितरणात असली तरी निरोगी मशीनचं ०.२७ टक्के वाचन त्या मर्यादेबाहेर जाणारच, म्हणजे ३७० मध्ये एक. आता ५०० सेन्सर, मिनिटाला एक वाचन. दिवसाची ७,२०,००० वाचनं, त्यांपैकी सुमारे १,९४४ मर्यादेबाहेर. मशीनमध्ये काहीही न बिघडता. प्रत्यक्षात लागोपाठची वाचनं एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे हे झुंडीने येतात आणि वितरणाची शेपटी जाड असेल तर आकडा आणखी फुगतो.

दुसरा हिशेब त्याहून महत्त्वाचा. १,००० मशीन धरा, त्यातल्या ५ खरंच बिघडू लागल्यात. निदान करणारी सिस्टीम ९५ टक्के बिघाड पकडते आणि निरोगी मशीनवर ५ टक्के वेळा चुकून बोंबलते. ऐकायला उत्तम. खरे अलार्म ५, खोटे ९९५ च्या ५ टक्के म्हणजे ५०. फिटर अकरा मशीन उघडतो तेव्हा एकीत काहीतरी सापडतं. सहाव्या-सातव्या मशीननंतर तो उघडणं बंद करणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. खोट्याचं प्रमाण १ टक्क्यावर आणलं तर ५ खरे, १० खोटे. तीनात एक. एवढ्यावर माणूस विश्वास ठेवायला लागतो. म्हणून माझं मत, पकड ९५ वरून ९८ करण्यात जीव घालवू नका, खोटे अलार्म कमी करा.

एका वाचनावर अलार्म देऊच नये. १९५४ साली पेज यांनी मांडलेली क्युसम पद्धत आजही उत्तम चालते. अपेक्षित किमतीपासूनचा फरक साठवत जायचा, छोटी सूट वजा करायची आणि साठा ठरावीक उंचीवर गेला की बोलायचं. क्षणिक उसळी विरून जाते, सावकाश सरकणारा दोष मात्र साठत राहतो.

कुंपणावरचा

वाचतोय. तज्ज्ञ मंडळी एका धाग्यावर जमली की आमच्यासारख्यांची चंगळ.

व्हॉल्व्हवाला

कंपनाच्या बाहेरही जग आहे हो. प्रोसेसच्या बाजूने थोडं.

बंद लूपमध्ये, म्हणजे कंट्रोलर मोजमाप बघून स्वतः व्हॉल्व्ह हलवतो तिथे, बिघाड लपतो. पाय मुरगळलेला माणूस दुसऱ्या पायावर भार देऊन चालतो, लांबून बघणाऱ्याला चाल सरळच वाटते. कंट्रोलरचं काम नेमकं हेच. हीट एक्स्चेंजरमध्ये थर साचायला लागला, तापमान सेटपॉइंटवरून, म्हणजे ठरवलेल्या आकड्यावरून, ढळू लागलं की कंट्रोलर व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडतो, तापमान पुन्हा जागेवर. कित्येक आठवडे तापमानाचा ट्रेंड शिस्तीत सरळ. मग एके दिवशी व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, पुढे जायला जागा उरत नाही आणि तापमान सुटतं. सगळे म्हणतात अचानक झालं. कंट्रोलरच्या आउटपुटचा ट्रेंड काढून बघा, तिथे चढ आधीपासून स्पष्ट असतो. तापमान, दाब, पातळी यांवरच मॉडेल शिकवणारे बरेच लोक आउटपुटची चलं घेतच नाहीत. सेटपॉइंटवर पकडून ठेवलेल्या चलात शिकण्यासारखं उरतं काय?

आणखी एक ओळखीचा नमुना. फ्लोचा लूप सतत हेलकावे घेतोय. ट्यूनिंग बिघडलंय म्हणून लोक गेन, म्हणजे कंट्रोलरच्या प्रतिसादाचा जोर, कमी करतात. आधी आकार बघा. कंट्रोलरचं आउटपुट करवतीसारखं वर-खाली आणि फ्लो पायऱ्यांसारखा, आहे तिथे थांबतोय आणि एकदम उडी मारतोय, तर व्हॉल्व्ह चिकटतोय. पॅकिंग जास्त आवळलंय किंवा स्टेम खराब झालाय. गेन कमी करून हेलकावे फक्त संथ होतात. लूप मॅन्युअलवर टाका, हेलकावे थांबले तर दोष याच लूपमध्ये. चालूच राहिले तर ते बाहेरून येतायत. ही चाचणी फुकट आहे आणि कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा खात्रीची.

तिसरी_पाळी

मी कंट्रोल रूममध्ये बसतो. तुमच्या सगळ्यांचे अलार्म शेवटी माझ्यासमोर येतात, म्हणून दोन शब्द.

वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला स्फोट झाला. आधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. मूळ भानगड एक, कंट्रोल व्हॉल्व्ह बंद होता आणि सिस्टीम तो उघडा दाखवत होती. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ ला पहिल्या काही मिनिटांत शंभरहून जास्त अलार्म वाजले. तिथेही रिलीफ व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिला होता. पॅनलवरचा दिवा विझला तो "बंद हो" असा आदेश गेला म्हणून. व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला की नाही, हे त्या दिव्याला माहीतच नव्हतं.

आज दहा मिनिटांत दहापेक्षा जास्त अलार्म आले की त्याला अलार्मचा पूर म्हणतात. तेवढ्यात माणूस विचार करायचं थांबवतो आणि नुसती पोचपावतीची कळ दाबत सुटतो. म्हणून निदान करणाऱ्या सिस्टीमने मला एकावन्नावा अलार्म देऊ नये. आधीचे पन्नास ज्या एका गोष्टीमुळे आले ती सांगावी. पंप ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, तर फ्लो कमी, दाब कमी, पातळी जास्त, पुढचा पंप कोरडा हे सगळं ओघानेच येणार. पहिला कुठला आला तेवढं दाखवा. आणि आदेश काय गेला आणि प्रत्यक्षात काय झालं, हे दोन वेगळ्या रंगांत दाखवा.

आकडेमोड

@तिसरी_पाळी, "पहिला कुठला" हे सोपं वाटतं, पण वेळेचे शिक्के एकाच घड्याळाचे असतील तरच. एका पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं, घड्याळ चार सेकंद पुढे असेल तर कारण आणि परिणाम उलटे दिसतात. शिक्का सर्व्हरवर पोचल्यावर मारला जात असेल तर त्यात नेटवर्कचा उशीरही मिसळतो.

त्याच ओघात, हिस्टोरियनचा, म्हणजे डेटा साठवणाऱ्या सिस्टीमचा, डेडबँड तपासा. जागा वाचवण्यासाठी बदल अमुकपेक्षा कमी असेल तर नोंदवायचंच नाही, अशी सेटिंग असते. अशा डेटाचा ट्रेंड जिन्यासारखा दिसतो. ज्या बारीक सरकण्यावरून लवकर निदान व्हायचं, ते साठवण्याआधीच फेकलेलं असतं.

व्हॉल्व्हवाला

आणि मशीनचं निदान करण्याआधी सेन्सरचं करा. हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवं होतं.

४-२० मिलिअँपिअरमध्ये शून्याला ४ ठेवलेत ते उगाच नाही. तार तुटली की ० येतो आणि लगेच कळतं. नामुर एनई ४३ या शिफारशीप्रमाणे ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलेला प्रवाह म्हणजे ट्रान्समीटर स्वतः बिघाड कळवतोय. पण इनपुट कार्डात तो आकडा ० ते १०० टक्क्यांत कापून बसवला की ही खूण पुसली जाते आणि मॉडेलला वाटतं दाब खरोखर शून्यावर गेला. कापण्याआधीचा प्रवाह सर्व्हरपर्यंत जाऊ द्या.

पीटी-१०० या रोधावर चालणाऱ्या तापमापकाची तऱ्हा आणखी वेगळी. एका अंशाला त्याचा रोध ०.३८५ ओहमने बदलतो. दोन तारांच्या जोडणीत टर्मिनल गंजून एक ओहम वाढला की बेअरिंगचं तापमान आपोआप २.६ अंश जास्त दिसायला लागतं. आणि गंज हळूहळू चढतो, त्यामुळे ट्रेंड हुबेहूब खऱ्या बिघाडासारखा. यावर सोपी तपासणी म्हणजे मशीन बराच वेळ बंद असतानाचं वाचन. थंड झाल्यावर तिच्यावरचे सगळे तापमापक एकाच आकड्याजवळ यायला हवेत. जो वेगळा राहिला तो खोटं बोलतोय. दर शटडाउनला ही नोंद आपोआप करून ठेवता येते.

न्यूरॉन

तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे आपोआप ट्रिप, माझं उत्तर ठाम नाही असं आहे. मशीन लर्निंगवाला असून सांगतोय.

संरक्षण आणि निदान या दोन वेगळ्या सिस्टीम ठेवा. ट्रिपचा निर्णय साध्या, तपासता येणाऱ्या मर्यादेवर आणि एकापेक्षा जास्त सेन्सरच्या मतावर. दोन सेन्सर असतील तर एक चुकतोय एवढं कळतं, कुठला ते कळत नाही. तीन असतील तर दोघांच्या मताने चालता येतं. बोइंग ७३७ मॅक्स विमानाच्या दोन अपघातांत, २९ ऑक्टोबर २०१८ आणि १० मार्च २०१९, विमानाचं नाक खाली ढकलणारी यंत्रणा एकाच बाजूच्या कोनमापक सेन्सरवर विसंबून होती. तो चुकीचं सांगत होता आणि यंत्रणा पुन्हा पुन्हा त्याचं ऐकत राहिली.

तीन आहेत म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये. १ जून २००९ च्या एअर फ्रान्स ४४७ मध्ये वेग मोजणाऱ्या तीन पिटोट नळ्या होत्या, तिन्ही एकाच बनावटीच्या आणि बर्फाच्या कणांच्या एकाच ढगात. जिथे तीनही सारखेच चुकू शकतात तिथे मतदानाचा उपयोग नाही. अशा वेळी वेगळ्या तत्त्वावरचं मोजमाप लागतं. पंपाच्या बाबतीत मोटरचा करंट हा स्वस्तातला साक्षीदार. फ्लोमीटर म्हणतो फ्लो निम्मा झाला आणि करंट जागचा हललेला नाही, तर आधी फ्लोमीटरकडे बघा.

कुंपणावरचा

अवांतर: ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं, त्यात निदानाचाच संदेश भोवला होता. दिशा सांगणारा संगणक एका आकड्याच्या रूपांतरात बंद पडला. राखीव संगणकावर तेच सॉफ्टवेअर, तोही थोडा आधी त्याच कारणाने गेलेला. बंद पडताना त्याने बिघाडाची माहिती पाठवली आणि मुख्य संगणकाने तीच उड्डाणाची आकडेवारी समजून नॉझल वळवले. सुमारे ४० सेकंदांत खेळ खलास.

घरघर

कुंपणावरून एवढी माहिती? उतरा खाली, लिहीत जा.

न्यूरॉन यांच्या करंटच्या मुद्द्याला जोडून. करंटवरून मोटरच्या रोटरचंही निदान होतं. ५० हर्ट्झची चार पोलची मोटर १४७० वर फिरत असेल तर स्लिप, म्हणजे १५०० च्या मूळ वेगापेक्षा मागे पडणं, २ टक्के. रोटर बार तुटला असेल तर करंटच्या स्पेक्ट्रममध्ये ४८ आणि ५२ हर्ट्झवर खुणा दिसतात. पण मोटर जवळजवळ रिकामी फिरत असेल, स्लिप ०.३ टक्के धरा, तर त्या खुणा ५० पासून फक्त ०.३ हर्ट्झवर येतात. एक सेकंदाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या वेगळ्या दिसूच शकत नाहीत, निदान दहा सेकंदांचं लागतं. लोड नसताना मोजून "रोटर उत्तम" असा शेरा मारलेले रिपोर्ट मी पाहिलेत.

रेषाखंड, तुमचे बिनतारी सेन्सर वेव्हफॉर्म घेतात तेव्हा मशीनचा वेग किती होता, हे कुठे नोंदवलं जातं का?

रेषाखंड

नाही. आणि आज तेच शोधत होतो. खोटे अलार्म मशीनवार लावून बघितले, तर बहुतेक सगळे व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, चालणाऱ्या मशीनचे निघाले. स्थिर वेगाच्या मशीन त्या मानाने शांत आहेत. केस वेस्टर्नचा डेटा सगळा १७०० ते १८०० आरपीएमच्या आसपासचा, त्यामुळे वेग निम्म्यावर आला की मॉडेलला ते सगळं अनोळखी आणि अनोळखी म्हणजे बिघाड.

नव्या विभागणीने अचूकताही तपासली. ९९ विसरा, बरीच खाली आली.

व्हीएफडीकडून वेगाचा सिग्नल मिळतो, आता तो वेव्हफॉर्मबरोबर साठवायला सुरुवात करतोय.

न्यूरॉन

वेग मिळाला की वेळेच्या अक्षाऐवजी शाफ्टच्या फिरण्याच्या अक्षावर सिग्नल मांडा, म्हणजे ३.५८५ ची पट कुठल्याही वेगाला तिथेच सापडेल. मग एन्व्हलपमधली त्या-त्या पटींची उंची मॉडेलला द्या, कच्चा सिग्नल नको. इथे मी घरघर यांच्या बाजूचा.

दुसरं, मॉडेलला "माहीत नाही" म्हणायची मुभा द्या. चार वर्ग शिकवले की समोर काहीही आलं तरी ते चारांपैकी एक निवडतं आणि वर ९७ टक्के खात्री सांगतं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलातल्या वायूंवरून निदान करणारा डुव्हल त्रिकोण इथे आठवतो. १९७४ पासूनचा, मिथेन, इथिलीन, ॲसिटिलीन या तिघांची टक्केवारी काढायची आणि त्रिकोणात बिंदू टाकायचा. कुठल्या भागात पडला त्यावरून आर्किंग, गरम तेल, आंशिक डिस्चार्ज वगैरे कळतं. अजून जगभर वापरतात. पण त्या त्रिकोणात "सगळं ठीक" असा भागच नाही. निरोगी ट्रान्सफॉर्मरचे किरकोळ वायू टाकले तरी काहीतरी दोष निघणारच. म्हणून आधी वायू खरंच वाढतायत का ते बघायचं आणि मगच त्रिकोण. न्यूरल नेटवर्कलाही हाच क्रम हवा. आधी वेगळं काही आहे का, मग काय आहे.

तिसरी_पाळी

खोट्या अलार्मवर मशीन उघडण्याचा आणखी एक तोटा कोणी मोजत नाही. उघडलेली मशीन परत तशीच बसत नाही. कपलिंग थोडं हलतं, गॅस्केटखाली कचरा राहतो, ग्रीस जास्त भरलं जातं.

आकडेमोड

याला जुना आधार आहे. अमेरिकी विमानांच्या सुट्या भागांवरचा नोलन आणि हीप यांचा १९७८ चा अहवाल. त्यांच्या अभ्यासात फक्त ११ टक्के भागांमध्ये वयाबरोबर बिघाडाची शक्यता वाढत होती. ६८ टक्के भागांत ती उलट नवीन बसवल्यावर सुरुवातीलाच जास्त होती आणि नंतर खाली येऊन स्थिर राहत होती. म्हणजे चांगला भाग काढून नवा बसवणं हीच बऱ्याचदा जोखीम. माझ्या वरच्या हिशेबात खोट्या अलार्मची किंमत नुसती फिटरच्या वेळेइतकी धरली होती, ती त्याहून जास्त आहे.

घरघर

एक मुद्दा राहिलाय आणि माझ्या मते धाग्यातला सगळ्यात मोठा तोच. मशीन उघडल्यावर आत काय दिसलं, हे परत सिस्टीमपर्यंत येतं का?

वर्क ऑर्डर काढून बघा. "बेअरिंग बदलले, मशीन चालू केली." संपलं. कुठल्या बाजूचं बेअरिंग, कुठली रेस, ग्रीस कसं होतं, काही नाही. जुनं बेअरिंग भंगारात. आता तुम्ही शिकवणार कशावर? खऱ्या बिघाडाची उदाहरणं आधीच मोजकी, त्यांच्यावरचं लेबल असं.

काढलेलं प्रत्येक बेअरिंग कापून बघावं. बाहेरची रेस दोन जागी कापली की सगळं समोर येतं. एकाच पट्ट्यात पापुद्रे सुटलेले असतील तर थकवा. गोळ्यांच्या अंतराने खळगे असतील तर बसवताना हातोडा मारलाय किंवा बंद मशीनला शेजारच्या कंपनाने हादरे बसलेत. निळसर रंग चढला असेल तर वंगण कमी पडून तापलंय. आणि रेसवर आडव्या समान अंतराच्या रेघा, धुण्याच्या फळीसारख्या, तर शाफ्टमधून करंट गेलाय. चारही ठिकाणी कंपनाचं निदान "बाहेरची रेस" असं बरोबरच येऊ शकतं आणि चारही ठिकाणी उपाय वेगळा.

तुमच्या त्या मोटरचं बेअरिंग अजून कुठे आहे का बघा.

रेषाखंड

भंगाराच्या पिंपात सापडलं! नशीब अजून उचललं गेलं नव्हतं. फिटरनेच कापून दिलं. "आता तरी काही खरं बघा," असंही म्हणाला :)

बाहेरच्या रेसवर आडव्या रेघा आहेत, बोटाने फिरवलं तरी जाणवतात. भाराच्या बाजूला दाट, वर विरळ. ग्रीस काळंकुट्ट. वर्क ऑर्डरचा इतिहास काढला, तर याच मोटरचं बेअरिंग आधीही बदललंय आणि तेव्हाचा शेरा "वंगणाअभावी". तीही मोटर व्हीएफडीवरच आहे.

घरघर

वंगणाअभावी नव्हे, शाफ्ट करंटच. व्हीएफडीच्या जलद स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज चढतं आणि ते बेअरिंगच्या ग्रीसमधून ठिणगी टाकत जमिनीकडे वाट काढतं. ग्रीस काळं पडणं हा त्याचाच परिणाम, कारण नव्हे. नवं बेअरिंग तसंच बसवलंत तर तेही जाणार. ड्राइव्हच्या बाजूला शाफ्टला ग्राउंडिंग रिंग, दुसऱ्या टोकाला इन्सुलेटेड बेअरिंग आणि मोटरपर्यंतच्या केबलचं शील्ड दोन्ही टोकांना नीट अर्थ केलंय का ते पाहा.

आकडेमोड

आणि या उदाहरणाला लेबल देताना "बाहेरची रेस" आणि "शाफ्ट करंट" असे दोन वेगळे रकाने ठेवा. पहिला रकाना कंपनावरून शिकता येईल. दुसऱ्यासाठी मोटर व्हीएफडीवर आहे का, केबल किती लांब आहे, मागची दुरुस्ती कधी झाली हीसुद्धा चलं लागतील, नुसत्या वेव्हफॉर्ममध्ये ती नाहीत.

रेषाखंड

दोन रकाने करतो. वर्क ऑर्डरच्या फॉर्ममध्येही बाजू, रेस, ग्रीसचा रंग आणि एक फोटो एवढं सक्तीचं करून घ्यायचा प्रयत्न आहे. मेन्टेनन्सचे प्रमुख म्हणाले, जास्त रकाने टाकलेस तर सगळीकडे "ओके" लिहून येईल, म्हणून चारच.

याच बनावटीच्या व्हीएफडीवर आणखी काही मोटर आहेत. पुढच्या शटडाउनला त्यांच्या शाफ्टवरचं व्होल्टेज मोजायचं ठरतंय. ऑसिलोस्कोपला कुठला प्रोब वापरायचा, कोणी सांगेल का?

व्हॉल्व्हवाला

शटडाउनला मोजून उपयोग नाही, मोटर व्हीएफडीवर फिरत असतानाच मोजावं लागतं. फिरत्या शाफ्टला टेकणारा कार्बन फायबरच्या केसांचा प्रोब मिळतो, तो घ्या. प्रोबची जमीन मोटरच्याच फ्रेमला जोडा, पॅनलला नाही. आणि रंग लावलेल्या शाफ्टवर टेकवू नका, आधी घासून धातू उघडा करा, तेवढं काम मात्र शटडाउनला उरका.